एका चौरस मीटरमध्ये किती माणसं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठे चेंगराचेंगरी झाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘भाविकांचा संयम सुटला’, ‘अफवेने धावपळ उडाली’ ही वाक्यं ठरलेली असतात. आपल्या दैनिकातही ती येतात. २०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे, म्हणून हे पत्र.

२७ ऑगस्ट २००३ ला नाशिकमध्ये शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ माणसं चेंगरून गेली. कुणा साधूने चांदीची नाणी उधळली आणि ती वेचायला झुंबड उडाली, असं तेव्हा छापून आलं. माझ्या सासूबाई त्या गर्दीत बऱ्याच मागे होत्या. घरी आल्या तेव्हा पायात एकच चप्पल आणि दंडावर बांबूच्या कठड्याचा काळानिळा वळ. नाण्यांचं त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरातूनच कळलं. त्या एवढंच सांगत राहिल्या, “अगं, मागून रेटा आला. माझे पाय जमिनीला टेकतच नव्हते.”

मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. सासूबाईंच्या ‘रेट्या’त मला दाबाचा अख्खा धडा दिसला. पुढे दरवर्षी तो धडा आला की मी फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखायचे आणि दहावीच्या मुलींना एकेक करून त्यात उभं करायचे. चौघी असेपर्यंत खिदळणं चालायचं. पाचवी आली की खांद्याला खांदे लागायचे. सहावीला आत घेताना सगळ्यांना हात छातीशी घ्यावे लागायचे, आणि कडेच्या मुलीला मी नुसतं बोट लावलं तरी समोरच्या कडेची मुलगी चौकोनाबाहेर पडायची. मधल्या मुलींनी काहीच केलेलं नसायचं. सातवीला मी कधी आत जाऊ दिलं नाही.

एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दी चालत नाही, पाण्यासारखी हेलकावते. आतल्या माणसाचा संयम तिथे काय करणार? अशा वेळी पुष्कळ जण तुडवले जाऊन मरत नाहीत. छाती फुगायला जागाच उरत नाही, उभ्या उभ्या श्वास कोंडतो. मागच्यांना पुढचं काही दिसत नसतं, ते आपले एक-एक पाऊल पुढे सरकत राहतात.

जानेवारी २००६ मध्ये हज यात्रेत मक्केजवळ मीना इथे साडेतीनशेच्या आसपास यात्रेकरू चेंगरून गेले. त्या दिवशीचं कॅमेऱ्यातलं चित्रण गर्दीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ डर्क हेलबिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. आधी गर्दी सलग वाहत होती. मग ती थांबत-सरकत लाटांनी पुढे जाऊ लागली आणि शेवटी कुठल्याही दिशेला हिसके बसू लागले. त्या थांबत्या-सरकत्या लाटा अनर्थाच्या आधीच दिसत होत्या. म्हणजे मागची वाट बंद करायला वेळ होता. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

२९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जण गेले. ‘फूल पडलं’ ते ‘पूल पडला’ असं ऐकू आलं, ही गोष्ट तेव्हा घरोघरी सांगितली गेली. ती खरी धरली तरी प्रश्न उरतोच, की पाऊस आल्यामुळे जिन्यावर माणसं थबकली होती आणि खाली गाड्या रिकाम्या होत होत्या, तेव्हा त्या जिन्यावर एका चौरस मीटरला किती माणसं होती? रिकाम्या जिन्यावर तीच हाक ऐकून कुणी मेलं नसतं.

हिशेब शाळकरी आहे. सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८० माणसं जातात. पाच मीटरच्या गल्लीतून तासाला २४ हजार. मागून ४० हजार सोडली, तर तासाभरात १६ हजार माणसं तुंबतात. चौरस मीटरला चार धरली तरी त्यांना चार हजार चौरस मीटर जागा लागेल. ती पंचवटीच्या गल्ल्यांत कुठून आणायची?

२०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी पावलं मोजणारी चटई वाटेवर अंथरून दाखवली होती. मोजण्याची बुद्धी गावात आहे. तेव्हा नदीकडे उतरणाऱ्या प्रत्येक वाटेची सर्वांत अरुंद जागी रुंदी किती, तासाला किती माणसं सोडणार आणि कितव्या आकड्याला मागचं फाटक बंद करणार, याचा तक्ता प्रशासनाने आत्ताच जाहीर करावा. आपण तो पहिल्या पानावर छापावा ही विनंती.

गेल्या रविवारी नातवाला घेऊन मी आमची गल्ली टेपने मोजली. विजेच्या खांबापाशी ती २ मीटर ४० सेंटिमीटर भरली. म्हणजे मिनिटाला १९२ माणसं.

– एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक