मिस्त्रीकाका, तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही

मिस्त्रीकाका,

आभार मानायचे तर नाव घेऊन मानावेत, हे मला कळतं. पण तुमचं नाव लिहिलं की तुम्ही कोणाकोणाच्या घरी काय बसवलंय, याचा माग काढायला कुणालाही सोपं जाईल. भिंतीत तिजोरी दडवायची आणि मग दवंडी पिटायची, असला उद्योग तुम्हाला आवडणार नाही. तेव्हा हे पत्र बिननावीच. तुमचं तुम्ही ओळखा.

तुम्ही आलात तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. हॉलमधल्या भिंतीवर मोठी फ्रेम, तिच्यामागे तिजोरी. तुम्ही भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलंत आणि म्हणालात, "ताई, ही साडेचार इंची आहे. तिजोरी पलीकडच्या खोलीत डोकं काढेल." वर हेही, की घरात शिरलेला माणूस सगळ्यात आधी फ्रेमच उचलून बघतो. मग तुम्ही घरभर टकटक करत फिरलात. एक भिंत नऊ इंची होती, पण मागे बाथरूम, म्हणजे ओल. दुसरीत कॉलम. तिसरीत स्विचबोर्ड, त्याच्या सरळ रेषेत वर-खाली वायरींची पाइप असणार, तिथे छिन्नी लावायची नाही. शेवटी उरली कपाटामागची भिंत. कपाटाची मागची फळी कापायची, पुढे कपडे टांगायचे. मला ती जागा अगदीच नीरस वाटली होती. आता कळतं की नीरस होती म्हणूनच बरी.

तिजोरीच्या निवडीतही तुम्ही माझी चूक पदरात घातलीत. खोक्यावरची मापं बाहेरची असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही कागदपत्रांची फाइल आणायला लावलीत. आतला ए-४ कागद २९७ मिलिमीटर लांब, पण फाइल त्याहून मोठी. मी पसंत केलेल्या तिजोरीत ती तिरकीसुद्धा मावली नसती. तिजोरी भिंतीत किती खोल जावी, याचा हिशेब तुमचा सरळ होता: मागे अर्धी वीट शिल्लक राहिलीच पाहिजे, म्हणजे नऊ इंची भिंतीत चार इंचांच्या वर जायचं नाही.

आणि तो 'फायरप्रूफ'चा स्टिकर! तुम्ही एवढंच विचारलंत, "किती वेळ?" मी नंतर वाचलं. कागदासाठीच्या चाचणीत ठरावीक वेळ, अर्धा तास किंवा तास वगैरे, आतलं तापमान साधारण १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहावं लागतं. पेनड्राइव्ह त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. शिवाय आग अडवायला जाड थर लागतो आणि तो थर आतली जागा खातो. चार इंचांत दोन्ही कुठून बसणार? स्टिकरवर मिनिटांचा आकडाच नव्हता. ज्या दुकानात मी तो बघून भुलले, तिथे हे कुणी सांगितलं नव्हतं.

कामाचं मी फार लिहीत नाही, धुळीची आठवण अजून नाकात आहे. पण वरच्या विटा सुटू नयेत म्हणून आधी लोखंडी पट्टी घातलीत, मग लाकडी पाचरा मारून पाणसळ लावून तिजोरी बसवलीत, कुलपाच्या दांड्या ज्यांत शिरतात त्या भोकांवर चिकटपट्टी लावलीत आणि मगच भोवती सिमेंटचा माल ठासलात. पाणसळीवर एवढा वेळ का, असं मी जरा वैतागूनच विचारलं. तुम्ही नुसतं दार अर्धं उघडून सोडलंत. ते होतं तिथेच थांबलं.

राडारोडासुद्धा तुम्ही एकदम नेला नाहीत. दोन दिवस, छोट्या पिशव्यांतून. "ढीग दिसला की लोक विचारतात, काय फोडलं?"

कोड घालायची वेळ आली तेव्हा न सांगता तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे राहिलात. दार उघडं ठेवूनच दहा वेळा कुलूप लावून-काढून बघायला सांगितलंत. दहाव्यांदा झाल्यावर मी ऐटीत दार लोटणार, तेवढ्यात तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "आणि बॅटरी संपली तर उघडायची ती चावी?"

चावी आत होती. वरच्या कप्प्यात, पाकिटात, नीट जपून ठेवलेली.

तुम्ही हसलात, पण वळला नाहीत.

माल वाळेपर्यंत दार उघडं ठेवा, कागद इतक्यात ठेवू नका, हे तुमचं मी ऐकलं. तीन आठवडे थांबले. मग सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि फाइल आत गेली. चावी आता आत नाही. कुठे आहे, ते तुम्हालाही सांगणार नाही; सांगितलं तर तुम्हीच रागवाल.

तुमची,
कपाटवाल्या ताई