ओआरएसच्या पुडीऐवजी गोड पेय

महोदय,

नातवाला जुलाब लागले म्हणून औषधाच्या दुकानात ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेची, पुडी मागितली, तर दुकानदाराने फळाच्या चवीच्या गोड पेयाचा खोका पुढे केला. वर ‘मुलांना हेच आवडतं’ अशी शिफारसही केली. अशा वेळी कोलकात्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनोबिस आठवतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावला बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकी (कॉलरा) पसरून सलाईन संपत आले, तेव्हा त्यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण, म्हणजे ओआरएसच, करून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवरच सोपवले, आणि ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. ग्लुकोजच्या आधाराने मीठ आतड्यात शोषले जाते व त्यामागून पाणी. साखर बेसुमार झाली, तर जुलाब उलट वाढतात. या डॉक्टरांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, तेही मरणोत्तर. तो उशीर आता भरून निघणार नाही. पण पुडी आणि पेय एकाच फळीवर शेजारी मांडण्यास अन्न व औषध प्रशासनाने तरी मनाई करावी, ही विनंती.

– एक आजोबा, पुणे