सर, तो पेपर अडवल्याबद्दल

आदरणीय सर,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात जो तो उठून तुमचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, आणि सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले त्यांचे संदर्भ, मोजत होता. मी मात्र तुम्ही ८ महिने अडवून ठेवलेल्या एका पेपरबद्दल बोलायचं ठरवून आलो होतो. माइक हातात आला आणि शब्दच फुटेना. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

पीएचडीचं तिसरं वर्ष, जळगावचा मे महिना. ईथर हा द्रावक ३४.६ अंशांनाच उकळतो, म्हणून त्याचं काम आपण सकाळी ७ च्या आत उरकायचो. रोडॅनिन नावाचं संयुग आणि ॲल्डिहाइड, ॲसेटिक ॲसिडमध्ये रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत खाली सोडत उकळणं; थंड केलं की पिवळेधमक स्फटिक. ॲल्डिहाइड बदलला की नवा रेणू. असे २२ झाले. चाचणीला पाठवले, तर ज्या एन्झाइमवर टाकावेत त्याला ते रोखत होते. मी घरी फोन करून मायला सांगूनही टाकलं, औषध सापडलं म्हणून.

तुम्ही तक्ता पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "जे सगळ्यांनाच लागू पडतं ना भो, ते कशालाच लागू पडत नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर बेल आणि हॉलोवे यांचा २०१० चा लेख होता. चाचण्यांत खोटा होकार देणाऱ्या रचना त्यात दिल्या होत्या, आणि त्यांत रोडॅनिनही. मग चाचणी पुन्हा, या वेळी ट्रायटन हे डिटर्जंट किंचित घालून. काही रेणूंचे पाण्यात गोळे होतात, एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसतं आणि आपल्याला वाटतं रेणूनेच रोखलं. डिटर्जंटने गोळे सुटतात. २२ पैकी १९ रेणू तिथेच निकामी ठरले. उरलेले ३ रेणू, चिकटखोर रेणूंना आधीच पकडणारं डीटीटी हे रसायन घातल्यावर गप्प झाले, म्हणजे ते समोर येईल त्या प्रथिनाला डसत होते.

माझी फेलोशिप संपत आली होती. पैसे भरले की १५ दिवसांत छापणारं एक जर्नल मित्राने सुचवलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. मी चार दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत. पुन्हा केलेल्या चाचणीच्या नव्या किटचे पैसे तुमच्या पगारातून गेले, हे मला पुढे स्टोअरच्या रजिस्टरवरून कळलं.

"हे रेणू औषध का नाहीत, तेच लिही," असं तुम्ही सांगितलंत. तेच लिहिलं, तेच छापलं.

त्या पेपरला आजवर ११ सायटेशन आहेत. संशोधकाचं काम मोजायला हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-इंडेक्सचा हिशेब असा, की आकडा जेवढा, तेवढ्या पेपरांना प्रत्येकी निदान तेवढी सायटेशन हवीत. तुमचा आकडा ११ च्या केव्हाच पुढे गेलाय, म्हणजे या पेपरने त्यात काडीचीही भर पडलेली नाही. हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक असणार. तरी माझ्यासोबत ८ महिने रोज संध्याकाळी तुम्ही ते आलेख पाहत बसलात.

गेल्या दिवाळीत शिरपूरहून एका विद्यार्थिनीचा मेल आला. ती याच कुळातले ३० रेणू करायला निघाली होती. आपला पेपर वाचून तिने आधी ५ च केले आणि पहिल्याच दिवशी ट्रायटन घातलं. पुढचे २५ तिने केलेच नाहीत. तो मेल छापून सोबत जोडलाय, सर. त्यावर माझ्याइतकाच तुमचा हक्क आहे.

थंडीत घरी या. बामणोदची वांगी आणून ठेवतो. माय म्हणते, भरीत आणि कळण्याची भाकरी तीच करणार.

तुमचा विद्यार्थी,
चोपडा