अंगठी घट्ट होतेय म्हणालीस म्हणून

प्रिय मनू,

परवा फोन रागाने ठेवलास, त्यात तुझं काही चुकलं नाही. तू सहज म्हणालीस, 'संध्याकाळी पाय सुजतात, अंगठीही घट्ट व्हायला लागलीय,' आणि मी एकदम ओरडले. बीपी किती आहे, शेवटचं कधी मोजलं, डोकं दुखतंय का, निखिल कुठे आहे. 'तू मला घाबरवायलाच फोन करतेस का?' असं विचारलंस, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सांगायचं होतं ते फोनवर जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले. बीपीचं शेवटी लिहीन, आधी बाकीचं.

गरोदरपणाचे २९ आठवडे झाले तुला. नवव्या आठवड्यात पोटात पाणी ठरत नव्हतं, तरी पर्समध्ये पिशवी घेऊन कामावर जात होतीस. चौदाव्यापर्यंत उलट्या ओसरतील असं मी म्हणत होते, पण मनातून मलाच खात्री नव्हती. ओसरल्या त्या. मग एका रात्री अकरा वाजता फोन केलास, 'आई, आतून कोणीतरी टिचकी मारली.' विसावा आठवडा होता तो. त्या रात्री बाबा आणि मी झोपलोच नाही, मोठ्या खोलीत दिवा लावून नुसते बसलो होतो. तू हे सगळं किती नेटाने निभावते आहेस, हे तुला आजवर एकदाही म्हटलं नाही. दादाला मात्र दर आठवड्याला सांगते.

आता जड दिवस सुरू झाले. जेवलीस की लगेच आडवी होऊ नकोस, दोन-तीन तास जाऊ देत. गर्भाशय जठराला वर ढकलतं आणि अन्ननलिकेचं तोंडही या दिवसांत सैल पडतं, म्हणून ती जळजळ. थोडं थोडं खा, उशाकडची बाजू उंच कर. कुशीवर झोप, गुडघ्यांमध्ये उशी घे. मध्यरात्री जाग आली आणि पाठीवर झोपलेली आढळलीस तर घाबरू नकोस, कूस बदल आणि पुन्हा झोप. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ कर आणि चवडा आपल्याकडे ओढ. माझ्या वेळी बाबा अर्धवट झोपेतच उठून माझा चवडा दाबून धरायचे आणि सकाळी त्यांना काही आठवायचं नाही.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नकोस, एक सकाळी घेतलीस तर दुसरी रात्री घे. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको. शौचाला काळं होईल, ते त्या गोळीमुळेच. पाठ दुखली म्हणून घरात पडलेली कुठलीही वेदनाशामक गोळी तोंडात टाकू नकोस, विसाव्या आठवड्यानंतर त्यातल्या काही बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाला त्रास देतात. आधी डॉक्टरांना विचार. चालणं सोडू नकोस. चालता चालता बोलता येईल एवढाच वेग ठेव. गाडीत बसलीस की कमरेचा पट्टा पोटाखालून घे, पोटावरून नको.

बघ, प्रवचन सुरू झालं माझं. रंगीत चिठ्ठ्या लावलेली फाइल आहे तुझ्याकडे, यातलं निम्मं तुला माझ्याआधी माहीत असणार. माफ कर.

पायांच्या सुजेचंही खरं तर तसंच. दिवसभर उभं राहून संध्याकाळी सुजलेले घोटे पाय वर ठेवल्यावर आणि रात्रीच्या झोपेने उतरत असतील, तर ते बहुतेकींना होतं. पण हाताची बोटं आणि चेहरा एकाएकी सुजला तर

शेवटी लिहीन म्हटलं होतं, पण आलेच मी तिथे.

तू सात वर्षांची असताना माझ्या कपाटातल्या डबीत तुला एक अंगठी सापडली होती, एका बाजूने चिरलेली. 'ही तुटकी का?' असं विचारलंस. जुनी होती, तुटली, असं मी सांगितलं. ती तुटली नव्हती. नर्सने छोट्या कटरने कापली होती, कारण माझी बोटं एवढी सुजली होती की साबण लावूनही निघेना. तू पोटात होतीस, ३३ आठवड्यांची. त्याआधी आठवडाभर माझं डोकं दुखत होतं. मग डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. उजव्या बरगडीखाली दुखायचं, ते मी पित्त समजले. सूज येतेच, सगळ्याच म्हणायच्या, आणि मलाही तेच ऐकायचं होतं. मीठ तेवढं बंद केलं. मीठ बंद करून तो आजार, प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार, टळत नाही, हे मला फार नंतर कळलं. दोन दिवस मी कोणालाच काही बोलले नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा रक्तदाब १७० वर ११५ होता. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, अंगभर आग पसरल्यासारखी झाली, आणि त्याच रात्री तुला बाहेर काढलं. १६०० ग्रॅम. १९ दिवस काचेच्या पेटीत होतीस. मला तिसऱ्या दिवशी दाखवलं. बाबांच्या करंगळीएवढं तुझं पाऊल होतं.

'मनूला घाई फार, म्हणून लवकर आली,' हे घरात आम्हीच पसरवलं. मोठी झाल्यावर सांगू म्हटलं, आणि राहून गेलं.

आता मला झोपू न देणारी गोष्ट. पहिल्या तपासणीला तुला विचारलं होतं, आईला गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास झाला होता का. तू 'नाही' लिहिलंस. मला फोनवर सांगितलंसही, आणि मी 'बरं' म्हणाले. आईला हा आजार झाला असेल तर मुलीलाही होण्याची शक्यता वाढते, आणि तुझी तर ही पहिलीच खेप. अशा बाईला डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायचा विचार करतात, शक्यतो सोळाव्याच्या आत. ती वेळ माझ्या गप्प बसण्यात गेली. तू आता स्वतःहून ती गोळी आणू नकोस. पण डॉक्टरांना उद्याच फोन करून सांग की ते 'नाही' चुकीचं होतं, आईला झाला होता, ३३ आठवड्यांत प्रसूती करावी लागली. ते तपासण्या जवळजवळ ठेवतील, लघवीतलं प्रथिन बघतील.

आणि घरी मोजत जा. लघवीला जाऊन ये, पाच मिनिटं शांत बस, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, दंड हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलू नकोस, माझ्याशीही नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, वा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. वरचा १६० किंवा खालचा ११०, वा त्याहून जास्त दिसला तर फोनच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना. न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज, यातलं काहीही झालं तर आकडा चांगला असला तरी जा. बाळाचं फिरणं नेहमीपेक्षा कमी वाटलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तरी सकाळची वाट बघू नकोस. रात्री दोन वाजता कोणाला उठवायचा संकोच वाटेल. मला वाटला होता.

तुझं सगळं नीट असेल, मनू. परवाचा आकडा तू शेवटी चिडून सांगितलास, ११६ वर ७४. मी तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, स्वयंपाकघरात. येता-जाता बघते. त्यामुळे कदाचित तुला हे सगळं विनाकारण वाटेल. पण तुझ्यात माझं पुष्कळ आलंय. कपाळ, चिकाटी, दुखलं तरी न बोलण्याची सवय. त्यातली शेवटची माझ्याकडून शिकली आहेस, आणि मला तिचीच भीती वाटते.

मी ३५ वा आठवडा लागला की येते, बॅग अर्धी भरली आहे. तू म्हणशील त्याच दिवशी येईन, तोवर रोज फोन करणार नाही. निखिलला सांगून ठेवलंय की आकडा त्याने संदेशाने पाठवावा, म्हणजे तुला दरवेळी माझ्या प्रश्नांना सामोरं जावं लागणार नाही. हे तुला न विचारता केलं, त्याबद्दल राग आला तर सांग, बंद करेन.

तुझी,
आई

ता. क. अंगठी काढून ठेव. आजच, बोट सैल आहे तोवर. सकाळी उठल्या उठल्या सहज निघेल.