विषय: परसातला डेक, स्वयंपाकघरात आलेलं पाणी आणि तुमचं कलम १४

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

काल संध्याकाळी तुमच्या माणसाशी सव्वीस मिनिटं बोललो, त्यातली अकरा तुमची बासरी ऐकण्यात गेली. ते संपल्यावर हे लिहायला बसलो. यापुढे फोन नाही.

पॅकेज तुमचंच, परस सजवण्याचं: आराखडा, पट्ट्यांचा डेक (बसायचा ओटा), शेकोटीचा फायर पिट, जेवणाचं टेबल. एकूण ३,६८,००० रुपये, पैकी ३,१०,००० तुमच्याकडे जमा. त्यात 'साईट व्हिजिट' धरलेली आहे. कोणी आलं नाही. फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर एका मुलीने मला फोन हातात धरून परसभर फिरवलं, दोनदा "ग्रेट स्पेस, सर" म्हणाली, आणि तुमच्या कागदोपत्री व्हिजिट झाली.

आमचं घर गोव्यात, दिचोली तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या कुळागरातलं, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेतलं, पाणी परसातल्या व्हाळीतून (छोट्या ओहोळातून), विहिरीला वळसा घालून खाली शेतात जातं. वडिलांच्या लहानपणापासून तसंच जातं. फेब्रुवारीत व्हाळी कोरडी असते, त्यामुळे मी पाठवलेल्या चौदा फोटोंतही ती कोरडीच दिसली. तुमच्या आराखड्यात तिच्यावर बाण काढून लिहिलं होतं, 'जुना चर, भरून घ्यावा'. मी तेव्हाच विचारलं, पाणी कुठून जाणार? उत्तर मिळालं, "ड्रेनेज सॉफ्टवेअर बघतं, सर." एप्रिलमध्ये तुमच्या कंत्राटदाराच्या पोरांनी व्हाळी भरली, आईचा धुण्याचा दगड उपटून माडाच्या बुंध्याला टेकवला (आराखड्यात तो 'अडथळा' होता) आणि वर डेक ठोकला. तोही घराकडे उतार देऊन. उतार घरापासून बाहेर, मीटरला निदान एक सेंटिमीटर, हे आमचा गवंडी झोपेत सांगेल. तुमच्या सॉफ्टवेअरला त्याच्या हाताखाली ठेवा काही दिवस.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, पहाटे चारला, आईने हाक मारली. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. उकड्या तांदळाचं पोतं खालून भिजून काळपट झालं होतं, आणि आई ऐंशीच्या घरातली बाई, ते एकटी ओढून पाटावर चढवत होती. दाराच्या फटीतून तुमचे पांढरे सजावटीचे खडे एकेक करत आत येत होते.

आता कालचा फोन. शब्दन् शब्द लिहितो, कारण तुमच्याकडे 'कॉल रेकॉर्ड केला जातो' म्हणे. ऐकून घ्या.

मी सगळं सांगितलं. चौथ्यांदा, कारण तक्रार क्रमांक दर वेळी नवा असतो. तो शांतपणे म्हणाला, "सर, हे पावसामुळे झालंय. पाऊस कलम १४ मध्ये येतो."
"कलम १४ काय आहे?"
"दैवी आपत्ती, सर. भूकंप, युद्ध, दंगल, अतिवृष्टी."
मी म्हटलं, अहो, ही अतिवृष्टी नव्हे, हा पाऊस आहे. दर वर्षी येतो.
"दर वर्षी?" खरोखर असं विचारलं त्याने. "किती दिवस असतो, सर?"
"जून ते सप्टेंबर."
टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "म्हणजे चार महिन्यांची आपत्ती म्हणून नोंद करतो, सर."
मी गप्प बसलो. गप्प बसलेलं बघून त्याला वाटलं माझं समाधान झालं, म्हणून त्याने विचारलं, आणखी काही मदत करू शकतो का? मी फायर पिटचं सांगितलं, की तो काठोकाठ भरलाय आणि त्यात बेडूक आहेत. तर म्हणे, "सर, पावसाळ्यात त्याला वॉटर फीचर समजून वापरता येईल."

साहेब, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमची वर्तमानपत्रं तो इंचांत मोजतात आणि शंभरी कधी गाठली याची बातमी देतात. तुमच्या बंगळुरूत वर्षभरात पडतो त्याच्या जवळजवळ तिप्पट. गोव्यात माल विकायचा आणि पावसाला आपत्ती म्हणायचं, म्हणजे कोळ्याला होडी विकून पाण्यात घालू नका सांगण्यासारखं. संयमाने लिहायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही.

बाकीचं थोडक्यात. डेकच्या पट्ट्या टोकाला टोक भिडवून बसवल्या. मेच्या उन्हात त्या लांबल्या आणि मधोमध उचलल्या गेल्या. फट सोडा असं तुमच्याच पुस्तिकेत चित्रासकट आहे. स्क्रूंमधून तांबडे ओघळ. जेवणाचं टेबल बरोब्बर माडाखाली. नारळ पडतात म्हटलं तर "झाड काढून घ्या" असा सल्ला. २०१६ साली सरकारने माडाला कायद्याच्या व्याख्येतून 'झाड' म्हणून वगळलं होतं, तेव्हा गोव्यात केवढा गदारोळ झाला आणि पुढे त्याला परत आत घ्यावं लागलं. आणि तुम्ही एका टेबलासाठी माड पाडायला सांगता. पाडेलीला बोलावून नारळ काढून घ्या, एवढं तरी सुचावं की नाही? पण येऊन बघितलं असतं तर सुचलं असतं. कोणी आलं नाही.

वडील दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बांबू आणि चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) माटव, म्हणजे मांडव, घालायचे. दोन माणसं, दीड दिवसाचं काम, आणि त्याखालून पाणी हवं तिथे जायचं. आम्हाला कायमचं काही हवं होतं, म्हणून तुमच्याकडे आलो. २०१४ साली घेतलेला तुमचा झोपाळा अजून बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) कुरकुरल्याशिवाय झुलतो, त्या भरवशावर आलो. तो बनवणारी कंपनी हीच का, असा प्रश्न घरात रोज निघतो.

मला हवंय ते असं: डेक उचलून व्हाळी मोकळी करून द्या, तुमच्या खर्चाने, चवथीच्या आधी. आराखड्याचे ४२,५०० परत. धुण्याचा दगड होता तिथे. उरलेले ५८,००० मागू नका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 'वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात' हे तुमचं वाक्य वाचलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही पडत नाही. फोटो, व्हिडिओ, पावत्या तयार आहेत. बेडकांचेही.

आपला,
एक ग्राहक, दिचोली

ता. क. माणूस पाठवणार असाल तर पाऊस पडत असतानाच पाठवा. उघडीप बघून आलेल्याला पुन्हा कोरडा चरच दिसेल.