‘सगळं अपडेट करा’ म्हणण्याआधी किल्ली तरी हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती उठले की आमच्या धंद्यात मान वर करायला सवड नसते. गिरगावातल्या चाळीत बसून मी दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करतो. लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास लॅपटॉप कंपनीच्याच अ‍ॅपने खालच्या कोपऱ्यात डोकं वर काढलं : चार अपडेट्स आली आहेत. ऑडिओ, टचपॅड, वाय-फाय आणि बायोस. चारही एका खाली एक, सारख्याच अक्षरात, आणि खाली एकच निळं बटण, ‘सगळी इन्स्टॉल करा’. मी दाबलं.

यातली पहिली तीन म्हणजे ड्रायव्हर, विंडोजला त्या त्या भागाशी बोलायला शिकवणारी आज्ञावली. ती बिघडली तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘रोल बॅक’ करता येतात, म्हणजे जुनी आवृत्ती परत आणता येते. चौथं, बायोस, म्हणजे फर्मवेअर, विंडोज जागं होण्याआधी मदरबोर्डवरच्या चिपमधून चालणारी आज्ञावली. ती लिहिली जात असताना वीज गेली तर लॅपटॉपची वीट होऊ शकते, म्हणजे तो पुन्हा सुरूच होत नाही. माझी बॅटरी म्हातारी, पूर्ण भरलेली दाखवते आणि दहा मिनिटांत मान टाकते. त्यात चाळीतलं जुनं सॉकेट, पिन सैल. काळ्या पडद्यावर ‘चार्जर काढू नका’ ही इंग्रजी ओळ आली आणि मी जमिनीवर उकिडवा बसून सहा-सात मिनिटं प्लग हाताने दाबून धरला. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. पलीकडून बायको विचारतेय, काय जळतंय का?

जळलं काही नाही. मशीन सुरू झालं आणि निळ्या पडद्यावर बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीने, ४८ आकडी रिकव्हरी की (राखीव किल्ली) मागितली.

असलं काही आपल्या लॅपटॉपवर आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं ते असं : नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की बहुतेकदा डिस्कला आपोआप कुलूप लागतं, आणि त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपकडे राहते. फर्मवेअर बदललं की त्या चिपला वाटतं, घर तेच आहे पण दारात उभा असलेला माणूस कोणी वेगळाच. मग ती किल्ली द्यायला नकार देते आणि मशीन ही राखीव किल्ली मागतं. नीट बांधलेलं अपडेट एका रीस्टार्टपुरतं हे कुलूप स्वतःच बाजूला ठेवतं. माझ्या वेळी ते झालं नाही. यात कुलपाचा दोष नाही, त्याने आपलं काम चोख केलं. पण आत दोन अंकांची दोनशेच्या वर पानं अडकली होती आणि रविवारी प्रुफं द्यायची होती.

सकाळी कंपनीच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी अतिशय गोड हिंदीत म्हणाली, किल्ली आमच्याकडे नसते, तुम्ही रीसेट करा. म्हणजे सगळं पुसा. किल्ली त्यांच्याकडे नसते हे खरंच आहे, आणि नसावीच. पण मग ती कुणाकडे असते, हे सांगायला तिच्यासमोरच्या कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

ती सापडली बिलांच्या पिशवीत. विकत घेताना दुकानातल्या पोराने घाईघाईत एक मायक्रोसॉफ्ट खातं उघडून दिलं होतं आणि ई-मेल, पासवर्ड बिलाच्या मागे पेन्सिलीने खरडला होता. मोबाइलवरून त्या खात्यात शिरल्यावर किल्ली दिसली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मुलगा वाचतोय, मी टाइप करतोय, पाचव्या गटात चुकलो, पुन्हा मागे. बिलाचा तो कागद रद्दीत गेला असता तर?

पुढची रड लहान आहे. वाय-फाय दर पाच मिनिटांनी पडत होतं, ते रोल बॅकने सुधारलं. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला लावावा लागणारा यूएसबी खटका) मात्र एका यूएसबी पोर्टला ओळखेना, दुसऱ्याला ओळखतो. पण फर्मवेअर सहसा मागे नेता येत नाही. जुन्या भोकांतून कोणी शिरू नये म्हणून बऱ्याच कंपन्या तो रस्ताच बंद ठेवतात. आणि हो, न्याय म्हणून सांगतो, पंख्याचा आवाज खरंच कमी झाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना तर असल्याच अपडेटनंतर वाटलं की बॅटरी बिघडली, कारण चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबायला लागलं. तो बॅटरी जास्त टिकावी म्हणून दिलेला पर्याय होता. दुरुस्तीवाल्याने नवी बॅटरी सुचवलीही होती!

अपडेट करूच नका, असं मी म्हणत नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ ही प्रोसेसरमधली भगदाडं उघड झाली, तेव्हा इलाजाचा एक भाग फर्मवेअरमधूनच आला. त्यातल्या इंटेलच्या पहिल्या डोसाने काही मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागली आणि २२ जानेवारीला खुद्द कंपनीनेच तो थांबवायला सांगितला, हेही तितकंच खरं. सिक्युअर बूटसाठी, म्हणजे सुरू होताना खात्रीचीच आज्ञावली चालू देणाऱ्या पहाऱ्यासाठी, २०११ साली दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, त्यासाठी काही लॅपटॉपना फर्मवेअर बदलावं लागणारच. म्हणजे माझ्यासारखे उकिडवे बसणारे आणखी निघतील.

म्हणून कंपन्यांना सांगणं एवढंच, की बायोसला टचपॅडच्या रांगेत बसवू नका. त्याचं बटण वेगळं ठेवा आणि त्याआधी मराठीत चार ओळी दाखवा : हे परत फिरवता येणार नाही, डिस्कला कुलूप आहे, किल्ली अमुक ठिकाणी आहे, ती सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोबाइल रिचार्जचे मेसेज मराठीत येतात, मग हे का नाही? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. घेतलेल्या वस्तूला कुलूप आहे ही माहिती त्यात बसत नसेल तर कुठली बसते? दुकानदारांनीही खातं ग्राहकाच्याच ई-मेलवर उघडावं आणि किल्ली कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावी. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने एक पानी पत्रक काढलं तर त्याची अक्षरजुळणी मी फुकट करून देईन.

माझी किल्ली आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, गॅसच्या ग्राहक क्रमांकाखाली. काल त्या अ‍ॅपने पुन्हा डोकं वर काढलं, बायोसची नवी आवृत्ती आली आहे म्हणे. दोन्ही अंक छापखान्यात जाईपर्यंत मी तिकडे ढुंकूनही बघणार नाही.

आपला,
एक अक्षरजुळणीकार
गिरगाव, मुंबई ४०० ००४