धर्मांतराने गुन्हा धुतला जात नाही

स. न. वि. वि.

धर्म बदलून इस्लाम स्वीकारला की दुसरे लग्न बिनधास्त करता येते, हा समज अजून जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सरला मुद्गल खटल्यात तो खोडला, 2000 मध्ये लिली थॉमस प्रकरणात पुन्हा बजावले : पहिला हिंदू विवाह धर्मांतराने आपोआप मोडत नाही. घटस्फोट मागण्याचा हक्क मिळतो तो मागे राहिलेल्या जोडीदाराला, धर्म बदलणाऱ्याला नव्हे! पहिले लग्न कायम असताना दुसरे केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 नुसार 7 वर्षांपर्यंत कैद; पहिले लग्न लपवले असेल तर 10.

खटले ढासळतात ते पुराव्याअभावी. पोलीस चौकीत अर्ज देऊन भागत नाही. पत्नीने, किंवा तिच्या वतीने आईवडील वा भावंडांनी, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करावी लागते. नुसते फोटो पुरत नाहीत. निकाहनामा, साक्षीदार, काझींची नोंदवही मिळवावी.

– एक वकील, शिवाजीनगर, पुणे